घरात बायपोलर आहे : लक्ष किती ठेवायचं आणि मोकळं किती सोडायचं?

माळवी_ताई, इंदूर

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर डिसऑर्डर आहे, म्हणजे मन कधी बेफाम चढतं तर कधी पार खाली जातं असा आजार. वय २७. गेल्या वर्षी गणपतीत पहिल्यांदा कळलं. मंडळाच्या कामात रात्ररात्र जागायचा, दोन तास झोपून पुन्हा ताजातवाना. सगळे कौतुक करायचे, काय उत्साह आहे पोराचा! मग एका सकाळी टेंपोवाला दारात उभा. तीन डीप फ्रीझर, बिल भावाच्या नावाचं. तो म्हणाला, पुण्यात आपल्या इंदूरच्या सराफ्यासारखी खाण्याची रात्रीची चौपाटी काढतोय, जागा ठरलीय. जागा कुठेच ठरली नव्हती. मोबाइलवरून दोन कर्जंही काढून झाली होती. आईनं विचारलं तर तिच्या अंगावर धावून गेला, आणि हा मुलगा घरात कधी चढ्या आवाजात बोललेला नाही.

दवाखान्यात दाखल करावं लागलं. हिवाळ्यात उलटं झालं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, आंघोळ नाही, जेवण नाही. आई त्याच्या खोलीत बसून केस विंचरून द्यायची, तो हूं की चूं करायचा नाही. होळीपासून मात्र बरा आहे. लिथियम आणि रात्रीची क्वेटियापिन ही औषधं चालू आहेत, नोकरीवर परत गेला.

अडचण आता वेगळीच आहे. आई रोज पाकिटातल्या गोळ्या मोजते. रात्री त्याच्या दाराखालचा उजेड बघत उभी राहते. तो आंघोळीला जाताना गाणं गुणगुणला तरी आम्ही एकमेकांकडे बघतो. परवा तो म्हणाला, "ताई, या घरात मला मोठ्यानं हसायचीही चोरी झाली आहे." त्याचं चुकीचं नाही. आईची भीतीही खोटी नाही.

तुमच्या घरी हे कसं जमवलंत? आणखी दोन गोष्टी. तो म्हणतो, आता बरा आहे तर गोळ्या कशाला. आणि आत्या एक स्थळ घेऊन बसली आहे.


जीरावण_जास्त, इंदूर

ताई, भावाचं वाक्य वाचून गलबललं. माझ्याकडे अनुभव नाही, पण धागा वर ठेवतो. जाणकार लिहितीलच.


सुदामा_नगर_४१, इंदूर

ताई, मी स्वतः बायपोलर टाइप वनचा, म्हणजे चढणं तीव्र असतं त्या प्रकाराचा, पेशंट आहे. कॉलेजात असताना सुरू झालं, आता बँकेत नोकरी, बायको, एक मुलगी. म्हणून भावाच्या बाजूनं लिहितो.

लक्ष ठेवायला हरकत नाही. पण कशावर ठेवायचं हे त्याच्यासोबत बसून ठरवा, आणि तो बरा असताना ठरवा. नाहीतर त्याला सतत पाळत वाटते. बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाकडे त्याच्या प्रत्येक हसण्यावर कुणी संशयानं बघत नाही. आमच्याकडे बघतात, आणि त्यानं आतून फार एकटं वाटतं.

माझ्या घरी ठरलेल्या खुणा अशा : रात्री उशिरा जुन्या मित्रांना लांबलचक मेसेज, गाडी नेहमीपेक्षा जोरात, बोलताना दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ न देणं, आणि छप्पन दुकान या खाऊगल्लीत दिसेल त्याला खाऊ घालून बिल माझंच. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की बायको फक्त इतकंच म्हणते, "डॉक्टरांना फोन करू या का?" वाद नाही. तेही आधीच ठरलेलं आहे. गाणं, हसणं, नवा शर्ट, हे यादीत नाही, त्यामुळे त्यावर कुणी बोलत नाही.

सगळ्यांत मोठी खूण झोप. झोप कमी झाली आणि दुसऱ्या दिवशी माणूस पेंगतोय, तर ते साधं जागरण. झोप कमी झाली आणि तरीही थकवा नाही, उलट अंगात जोर, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ताई, गणपतीतलं तुम्ही जे लिहिलंत ते नेमकं हेच होतं.


ग्वाल्हेरचा_मामा

वरच्या भाऊसाहेबांचा मान राखून वेगळं मत मांडतो. तुम्ही समजूतदार पेशंट आहात. सगळे नसतात. माझ्या बहिणीला वीस वर्षांपासून आहे. ती चढत असते तेव्हा तिला आजार आहे हेच तिला पटत नाही, मग बरी असताना केलेला ठराव कुठला पाळणार? गोळी मी माझ्या हातानं देतो आणि समोर गिळायला लावतो. ती रागावते. रागावू दे. जिवंत आहे, घरात आहे, नातवाचं बारसं तिनं स्वतः केलं.

आमच्या गावात मानसिक आरोग्यशाळा आहे, त्यामुळे लहानपणापासून कुणी जरा वेगळं वागलं की "याला आरोग्यशाळेत टाका" म्हणून चेष्टा. या चेष्टेमुळे लोक उपचाराला उशीर करतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून म्हणतो, लाजू नका, आणि ढिलेही सोडू नका.


सुदामा_नगर_४१

मामा, चढलेल्या अवस्थेत पटत नाही हे शंभर टक्के खरं. म्हणूनच बरं असताना लिहून ठेवायचं की त्या वेळी माझं ऐकू नका, अमक्याचं ऐका. माझ्या कागदावर माझी सही आहे. आणि बहिणीसाठी तुम्ही जे करता त्याला नमस्कार.


मनोविकार_ओपीडी, इंदूर

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, इंदुरातच काम करते. इथे कुणाचे डोस सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण काही गोष्टी सगळ्यांना माहीत हव्यात.

आधी गोळ्या बंद करण्याबद्दल. माळवी_ताई, तुमचा भाऊ बरा आहे तो गोळ्या चालू आहेत म्हणून. लिथियम अचानक थांबवलं की पुढच्या काही महिन्यांत आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो, आणि बहुतेक वेळा उलटतो तो मॅनियाच, म्हणजे मन बेफाम चढण्याची अवस्था. कमी करायचंच असेल तर डॉक्टरांसोबत, हळूहळू. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी मॅनियासाठी लिथियम वापरल्याचं प्रसिद्ध केलं. त्यानंतर कितीतरी औषधं आली, तरी आत्महत्येचा धोका कमी करण्यात या जुन्या औषधाइतका भक्कम पुरावा फार थोड्यांकडे आहे.

पण लिथियमला शिस्त लागते. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटरच्या आसपास ठेवतात, काहींना १ पर्यंत. दीडच्या वर गेली की विषबाधेचा धोका, आणि काहींना त्याआधीही त्रास होतो. हात बारीक थरथरणं हे बऱ्याच जणांना होतं. पण हात जोरानं हलायला लागले, उलट्या-जुलाब सुरू झाले, चालताना तोल जातो, जीभ जड झाली, तर पुढची गोळी न घेता लगेच दवाखाना. पातळीसोबत थायरॉइड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि कॅल्शियम ठरावीक काळानं तपासायचं. एकदा डोस बसला की साधारण सहा महिन्यांनी.

दोन गोष्टी आपल्याकडे फार घडतात. एक, अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून घेणं. यांनी लिथियमची पातळी वाढते. बीपीच्या काही गोळ्यांनीही वाढते, म्हणून प्रत्येक डॉक्टरला आणि औषधवाल्याला आधी सांगा की लिथियम चालू आहे. दुसरं, उन्हाळा. मे महिन्यात इंदुरात पारा ४० च्या वर जातो, घाम भरपूर, पाणी कमी, आणि पातळी चढते. जुलाब लागले तरी तेच.


अन्नपूर्णा_रोड, इंदूर

डॉक्टर, उपासाचं काय? माझ्या जाऊबाईंना लिथियम चालू आहे आणि श्रावणी सोमवार, एकादशी, हरतालिका काही सोडत नाहीत.


मनोविकार_ओपीडी

निर्जळी उपास नको. हरतालिकेला तर मुळीच नको. पाणी पीत, खाऊन-पिऊन केलेला उपास बहुतेकांना चालतो, पण त्यांच्या डॉक्टरांना विचारून. मीठ अचानक सोडू नका. शरीरात सोडियम कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. सैंधव असो की साधं मीठ, सोडियम दोन्हींत आहे, तेव्हा उपासाच्या पदार्थांत सैंधव घालायला हरकत नाही.


जीरावण_जास्त

म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर ताक, मग भगर आणि बटाट्याची भाजी असा आमच्या घरचा उपास डॉक्टरांना पसंत पडेल.


अन्नपूर्णा_रोड

जाऊबाईंना हा धागा वाचूनच दाखवते. हरतालिकेला पाणी प्यायला लावायचं म्हणजे मला सासूबाईंशीही बोलावं लागेल, पण बोलेन.


दांडिया_बाजार_बडोदे

बडोद्याहून लिहिते. आमच्याकडे नवरात्र म्हणजे नऊ रात्री गरबा, घरी यायला एक-दोन वाजतात आणि मग बाहेर नाश्ता. माझ्या मुलीला टाइप टू आहे. तिला गरबा जीव की प्राण. पहिल्या वर्षी सगळ्यांनी सांगितलं, पाठवूच नका. मला ते पटलं नाही. हिच्या वयाच्या सगळ्या मुली घागरे घालून निघणार आणि ही खिडकीत उभी राहणार? मी तिच्या डॉक्टरांना विचारलं आणि आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. एकाआड एक रात्र जायचं, अकराला घरी, रात्रीची गोळी ठरल्या वेळेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठायची वेळ नेहमीचीच. दिवसा चार तास झोपून भरपाई करायची नाही, कारण मग रात्रीची झोप उडते.

तिच्या मैत्रिणींपैकी एकीला सगळं माहीत आहे. पावणेअकरा वाजले की ती स्वतःच हिला म्हणते, चल, मलाही पाय दुखतायत. अशी एक मैत्रीण मिळाली की आईबापाचं अर्धं ओझं उतरतं.

टाइप टूबद्दल एक सांगते. तिची सुरुवात नैराश्यानं झाली. तिचं चढणं इतकं सौम्य होतं की आम्हाला ते चांगले दिवसच वाटायचे, अभ्यास भराभर, घर आवरून झालेलं. बरीच वर्षं फक्त नैराश्याच्या गोळ्या मिळाल्या आणि ती त्यांवर आणखी चिडचिडी, जागी राहणारी झाली. नव्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "कधी असे दिवस आले का की झोप कमी आणि जोर जास्त?" तिथून चित्र बदललं. ज्यांच्या घरी नुसतं नैराश्य म्हणून उपचार चालू आहेत त्यांनी असे दिवस आठवून डॉक्टरांना आपणहून सांगा.


मनोविकार_ओपीडी

बडोद्याच्या ताईंनी लिहिलं ते फार महत्त्वाचं. बायपोलरमध्ये नुसती अँटीडिप्रेसंट, म्हणजे नैराश्याची गोळी दिली तर काही पेशंट मॅनियात जातात. माणूस डॉक्टरकडे येतो तो बहुधा खाली असताना. वर असताना त्याला छान वाटत असतं, तो कशाला येईल? म्हणून घरच्यांनी सांगितलेली हकिगत लागते.

मुलगी आहे म्हणून एक जोड. व्हॅल्प्रोएट हे औषध मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना शक्यतो देत नाहीत, पोटातल्या बाळाला त्यानं गंभीर इजा होऊ शकते. चालू असेल तर घाबरून बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा.


सात्त्विक_जीवन

मला वाटतं ही औषधं म्हणजे व्यसन. सकाळी प्राणायाम, सात्त्विक आहार, मन खंबीर ठेवलं तर कुठलाही मानसिक आजार राहत नाही. सगळं मनावर असतं.


ग्वाल्हेरचा_मामा

माझी बहीण शाळेत योग शिकवायची. मॅनियात असताना पहाटे तीनला गच्चीवर सूर्यनमस्कार घालत होती, थांबतच नव्हती. योग चांगलाच आहे. गोळ्यांसोबत करा. गोळ्यांऐवजी करा असं कृपा करून कुणाला सांगू नका.


सुदामा_नगर_४१

मनाच्या खंबीरपणाबद्दल. मी सकाळी उठून दात घासण्यासाठी जेवढी ताकद नैराश्यात लावली आहे तेवढी आयुष्यात दुसऱ्या कशाला लावलेली नाही. आणि लिथियमचं व्यसन लागत नाही, ते घेऊन नशा होत नाही.

नशेवरून आठवलं. रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, भावाला जरूर घेऊन जा ताई, राजवाड्यासमोर भिजण्यासारखं सुख नाही. पण ठंडाईत भांग नको. शिवरात्रीलाही नको. प्रसाद म्हणून देतात, नाही म्हणणं जड जातं, पण भांग-गांजानं मॅनिया उसळतो. दारूही तशीच, झोपेचा बट्ट्याबोळ करते.


जीरावण_जास्त

मग सराफा? इंदुरात राहून रात्री सराफ्याला न जाणं म्हणजे... थंडीत तळलेला गराडू कंद, भुट्ट्याचा कीस...


सुदामा_नगर_४१

साडेआठ-नऊला दुकानं लागायला लागतात. पहिला गराडू खायचा आणि दहाला घरी. गर्दीही कमी असते. मुलीला आता वाटतं सराफा दहाला बंद होतो.


अन्नपूर्णा_रोड

गराडूवर लिंबू जास्त की मसाला जास्त?


संपादक

खाण्याचा वेगळा धागा आहे, तिकडे या. इथे ताईंचा स्थळाचा प्रश्न राहिला आहे.


लोकमान्य_नगरची_वहिनी, इंदूर

स्थळाबद्दल मी लिहू शकते. माझ्या यजमानांना बायपोलर आहे आणि मला लग्नाआधी माहीत होतं. दाखवण्याच्या कार्यक्रमानंतर आम्ही दोघंच भेटलो. ह्यांनी चहा मागवला, पिशवीतून एक निळी फाइल काढली आणि माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "यात सगळे कागद आहेत, घरी न्या, वडिलांना दाखवा, हवं तर माझ्या डॉक्टरांना भेटा." आम्ही भेटलो. वडील नाही म्हणत होते. मी आठवडाभर विचार केला. माणूस इतकं उघड बोलतो तर पुढेही बोलेल, असं वाटलं. बोलतो.

सोपं आहे असं म्हणणार नाही. एकदा दाखल करावं लागलं, तेव्हा मुलगा लहान होता. पण मला काय होतंय हे माहीत होतं, कुणाला फोन करायचा हे माहीत होतं. लपवलं असतं तर त्या रात्री मी माहेरी निघून गेले असते.

आत्याबाईंना सांगा, मुलीकडच्यांना आधी सांगितल्याशिवाय पुढे बोलणं नाही. "लग्न झालं की ठीक होईल" हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलंय, त्यात एका मुलीचा बळी जातो. आणि लगेच घाईही नको. त्याला नीट एक-दोन वर्षं स्थिर होऊ द्या. लग्न म्हणजे जागरणं, खर्च, पाहुणे.


काळा_कोट, इंदूर

वहिनींशी सहमत. कायद्याचं सांगतो. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १२ प्रमाणे महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल तर फसवणूक म्हणून विवाह रद्द करण्याचा अर्ज करता येतो. त्यामुळे लपवणं मुलाच्याही हिताचं नाही.

आता पेशंटच्या बाजूचा कायदा : मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७. वर सुदामा नगरच्या भाऊंनी सहीचा कागद म्हटलं, त्याला या कायद्यात जागा आहे. आजारपणात आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे सज्ञान माणूस आधीच लिहून ठेवू शकतो आणि आपला प्रतिनिधी नेमू शकतो. याच कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचं आहे. माझ्या एका नातेवाइकाचा दावा एका कंपनीनं आधी नाकारला, कलमाचा उल्लेख करून लेखी तक्रार केल्यावर मंजूर झाला. कागद सांभाळून ठेवा.


चिमणबाग_आजी, इंदूर

मला टाइप करायला वेळ लागतो, नात मदत करते आहे. ताई, तुझ्या आईला माझा निरोप दे. रात्री दाराखालचा उजेड मीही बघायचे. आपण जागे राहिलो की उद्या आपलंच डोकं ठिकाणावर राहत नाही, मग पोरावर ओरडतो. तिला सांग, तिनं झोपावं. तिचीही कुणीतरी मैत्रीण असावी जिच्यासमोर रडता येईल.

आणि पोरगा खाली असताना मरणाचं बोलला तर विषय टाळू नका. सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्यानं डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. वाटतं म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, घरातली औषधं आपल्या ताब्यात घ्यायची, आणि डॉक्टर.


मनोविकार_ओपीडी

आजींनी लिहिलं ते अगदी तसंच करा. आपला डॉक्टर त्या वेळी मिळाला नाही तर १४४१६ वर फोन करा. ही टेलिमानस नावाची सरकारी मानसिक मदतीची फोनसेवा, २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास आणि फुकट. घरचेही करू शकतात. धोका समोर दिसत असेल तर फोनवर थांबू नका, थेट रुग्णालयात न्या. ज्यांना खासगी परवडत नाही त्यांच्यासाठी एमवाय या सरकारी रुग्णालयाची मनोविकार ओपीडी आहे, बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे.


तीन_फ्रीझर, इंदूर

मी माळवी_ताईचा भाऊ. ताईनं लिंक दिली, रात्री वाचायला घेतली आणि दहाला बंद करून सकाळी पुरी केली.

लोकांना वाटतं मॅनिया म्हणजे आनंद. सुरुवातीला होता. नंतर डोक्यात एकाच वेळी इतकं चालू असायचं की मला स्वतःला थांबव म्हणायचं होतं आणि तोंडातून शिव्या येत होत्या. आईच्या चेहऱ्यावरची ती भीती मला आठवते. म्हणून ती गोळ्या मोजते तेव्हा मी रागावतो आणि मला कळतंही.

मामांना सांगायचंय, तुमच्या बहिणीची बाजू घेऊन नाही आणि तुमच्या विरोधात नाही, पण हातात गोळी ठेवणारा माणूस "जेवलीस का, कशी आहेस" हेही विचारत असेल तर ती गोळी गिळायला सोपी जाते. सुदामा नगरच्या दादांना भेटायला आवडेल, चालेल का? हा आजार असून नोकरी-संसार करणारं कुणी मी अजून पाहिलेलं नाही. गोळ्या तूर्त चालू ठेवतो. वजन वाढलंय आणि सकाळी डोकं जड असतं, ते डॉक्टरांशी बोलणार आहे.


ग्वाल्हेरचा_मामा

बाळा, विचारतो. आजपासून आणखी विचारेन.


सुदामा_नगर_४१

कधीही ये. रविवारी सकाळी आमच्याकडे पोहे-जिलेबी असते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.


माळवी_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही तिघं बसलो आणि कागद केला. त्याच्या खुणा त्यानंच सांगितल्या : झोप पाच तासांच्या खाली, नव्या धंद्याचं बोलणं, पैसे उसने मागणं. खाली जाण्याच्याही : फोन न उचलणं, दाढी न करणं. आई गोळ्या मोजणार नाही. तो रविवारी आठवड्याच्या डबीत स्वतः भरेल आणि डबी स्वयंपाकघरात उघड्यावर राहील. मोठा खर्च दोन दिवस थांबून आणि मला सांगून, कर्जाची ॲपं त्यानं स्वतः काढून टाकली. दाराखालचा उजेड साडेअकरानंतर दिसला तर आई दार वाजवून विचारेल, बाहेर उभी राहणार नाही. या एका कलमावर अर्धा तास वाद झाला, आई अकरा म्हणत होती. स्थळ थांबवलं, आत्या रुसली आहे.

डॉक्टर, एक शंका. सोमवारी लिथियमची पातळी तपासायची आहे. तो एक गोळी सकाळी आणि एक रात्री घेतो. सकाळची घेऊन जायचं की न घेता?


मनोविकार_ओपीडी

न घेता. रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी रक्त द्यायचं, म्हणजे रात्री नऊला घेतली तर सकाळी नऊला. गोळी सोबत न्या, रक्त दिलं की लगेच घ्या. पाणी नेहमीसारखं प्या. आणि लॅबवाल्याला शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहून घ्यायला सांगा.